आधी कोर्ट की आधी मेडिकल: अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींसाठी

अमेरिकेत डिव्हिजन वनला (कॉलेज खेळाचा सगळ्यात वरचा गट) बास्केटबॉल खेळणारी आणि सोबत प्री-मेड (मेडिकलला जायची तयारी) करणारी मुलगी घरात असेल तर ज्युनिअर इयरच्या (कॉलेजचं तिसरं वर्ष) आसपास हा विषय जेवताना निघतोच, की पुढे प्रो खेळायचं का सरळ मेडिकल स्कूल. आणि आपल्या मराठी घरांत, मग ते न्यू जर्सीतलं असो नाहीतर बे एरियातलं, प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर ठरलेलं असतं, खेळून झालं ना आता, लाग अभ्यासाला. मला ते पटत नाही. आणि 'तिला जे आवडेल ते करू दे' म्हणून मोकळं होणंही पटत नाही, कारण एकवीस वर्षांच्या मुलीला नुसती मोकळीक पुरत नाही, तारखा आणि माहिती लागते. माझं म्हणणं एवढंच आहे की यात कुठलं एक घेऊ असं विचारत बसू नका, आधी काय आणि दुसरं तोवर जिवंत कसं ठेवायचं असं विचारा. खेळायचं वय थांबत नाही. मेडिकल थांबतं, पण त्याच्या फाइलीतल्या बऱ्याच कागदांना एक्सपायरी असते, आणि ती माहीत नसली की तेलही गेलं तूपही गेलं अशी गत होते.

पुढचं सगळं खेळणाऱ्या मुलीला उद्देशून लिहितेय, आईबाबांसाठी शेवटाकडे थोडं आहे.

पहिल्यांदा आकडे नीट बघून घे. डब्ल्यूएनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मुलींच्या प्रो लीगमध्ये, २०२५ ला १३ टीम होत्या, एका टीममध्ये जास्तीत जास्त १२ जणी, म्हणजे अख्ख्या लीगमध्ये दीडशेच्या आसपास जागा. २०२६ पासून टोरांटो आणि पोर्टलंड धरून १५ टीम, तरी दोनशेच्या आतच. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीने नव्या मुली निवडतात तो कार्यक्रम) एकूण ३८ मुली घेतल्या, आणि ड्राफ्ट झाली म्हणजे नोकरी लागली असं अजिबात नाही, ते ट्रेनिंग कॅम्पचं बोलावणं असतं, दुसऱ्या-तिसऱ्या राउंडच्या कितीतरी मुली सीझन सुरू व्हायच्या आत घरी परततात. एनसीएएमध्ये, म्हणजे कॉलेजच्या स्पर्धांमध्ये, खेळणाऱ्या सगळ्या मुली धरल्या तर शंभरात एकही तिथपर्यंत पोचत नाही. मेडिकलचं बघ, वर्षाला बावन्न-त्रेपन्न हजार अर्ज येतात आणि तेवीस हजारांच्या आसपास मुलंमुली आत जातात. अवघड तेही आहेच, पण ते अवघड वेगळ्या जातीचं, तिथे तयारीने फरक पडतो, आणि पंचविसाव्या वर्षी नाही जमलं तर सत्ताविसाव्या वर्षी परत जाता येतं.

म्हणून सगळ्यात आधी स्वतःची जागा ओळख, आणि ती ओळखायला तुझ्या कोचपेक्षा बाहेरचा माणूस बरा. कोचचं प्रेम असतं आणि पुढच्या सीझनची गरजही असते. ज्युनिअर सीझन संपला की कोचला सांग की एखाद्या डब्ल्यूएनबीए टीमच्या स्काउटिंगवाल्यांशी किंवा प्लेअर्स असोसिएशनने सर्टिफाय केलेल्या एजंटशी माझ्याबद्दल बोलून बघा, आणि उत्तर तीनपैकी कुठलं येतं ते बघ: पहिल्या दोन राउंडमध्ये नाव येईल, कॅम्पला बोलावतील, किंवा फक्त परदेशातल्या लीग. तिन्हीला रस्ता वेगळा आहे. चौथंही एक उत्तर असतं आणि ते फक्त तुझ्याकडे असतं, की मला आता पुरे झालंय. ते असेल तर मोकळेपणाने म्हण. स्टॅनफर्डची फ्रॅन बेलिबी आठवते का, मॅचमध्ये डंक मारणारी, २०२१ ला अ‍ॅरिझोनाला ५४-५३ असं हरवून चॅम्पियन झालेल्या टीममधली. आईवडील दोघेही डॉक्टर, कॅमेरूनहून आलेले, तिला स्वतःलाही डॉक्टरच व्हायचं होतं, आणि २०२३ ला स्टॅनफर्ड संपल्यावर ती ड्राफ्टच्या मागे न लागता मेडिकलकडे वळली. तेव्हा पुष्कळ लोकांनी हळहळ केली की एवढी उडी वाया गेली. मला नाही वाटत काही वाया गेलं, चार वर्षं जे खेळायचं ते ती खेळली.

कॉलेजात असताना

इथे सगळ्यात जास्त मुली अडकतात म्हणून जरा सविस्तर सांगते. अ‍ॅथलेटिक्सवाल्यांचा अकॅडमिक अ‍ॅडव्हायझर आणि कॉलेजचं प्री-हेल्थ ऑफिस (मेडिकलला जाणाऱ्यांना सल्ला देणारं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याचं काम तुझी एलिजिबिलिटी (खेळायची पात्रता) टिकवणं, म्हणजे प्रॅक्टिसच्या वेळेत न येणारे आणि पास होणारे कोर्स. तो माणूस चांगलाच असतो, पण ऑरगॅनिक केमिस्ट्री पुढच्या वर्षी घे म्हणतो, मग परत पुढच्या वर्षी, आणि सीनिअर इयरला (चौथ्या वर्षी) कळतं की फिजिक्सची लॅब आणि बायोकेम राहूनच गेलंय. फ्रेशमन इयरलाच (पहिल्या वर्षी) प्री-हेल्थमध्ये जाऊन चार वर्षांचा कागद बनव. बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स, सगळं लॅबसकट, वर बायोकेमिस्ट्री, आणि स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी बहुतेक ठिकाणी लागतं किंवा एमकॅटला (मेडिकलची प्रवेश परीक्षा) तरी लागतंच. अवघड लॅब शक्यतो फॉलमध्ये टाक, कारण सीझन नोव्हेंबरात सुरू होतो आणि कॉन्फरन्सचा प्रवास जानेवारी ते मार्च. एखादा कोर्स समरला घेतला तर चालतो, पण सगळेच अवघड कोर्स समरला दुसऱ्या कॉलेजात उरकले तर अ‍ॅडमिशनवाल्यांच्या ते डोळ्यावर येतं.

आता लॅबचं एक उदाहरण. मंगळवारी दुपारी १ ते ४ ऑरगॅनिकची लॅब, आणि बुधवारच्या मॅचसाठी बस मंगळवारी २ ला निघणार. हे आदल्या रात्री सांगितलंस तर लॅब को-ऑर्डिनेटर नाहीच म्हणणार, आणि बरोबर आहे त्यांचं. सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात ट्रॅव्हल लेटर घेऊन स्वतः जाऊन भेट, कोचला किंवा असिस्टंटला पाठवू नको. कागदावर तारखा लिहून ने, फेब्रुवारीतल्या या दोन आणि मार्चमधली ही एक, आणि विचार की त्या आठवड्यात मी सोमवारच्या सेक्शनला बसू का. मोघम 'मी अ‍ॅथलीट आहे' म्हणण्यापेक्षा तीन तारखा आणि तीन पर्याय दिले की लोक मदत करतात, आणि हाच को-ऑर्डिनेटर दोन वर्षांनी तुझ्या शिफारसपत्रात लिहितो की ही मुलगी प्रवासातून येऊन लॅब भरून काढायची.

ट्रान्सफर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) जायचं मनात असेल तर एक गोष्ट, ऑरगॅनिकचा पहिला भाग एका कॉलेजात आणि दुसरा दुसरीकडे असं शक्यतो होऊ देऊ नको, जोडी पूर्ण करून मग बदल. आणि पाचव्या वर्षी मास्टर्स करत खेळणार असशील तर लक्षात ठेव की मेडिकलच्या अर्जात ग्रॅज्युएट कोर्सचे मार्क वेगळे मोजले जातात, अंडरग्रॅडचा जीपीए (मार्कांची सरासरी) त्याने वर येत नाही. तो वर आणायचा असेल तर पोस्ट-बॅक कोर्स (पदवीनंतर घेतलेले अंडरग्रॅड पातळीचे) लागतात. रिपीट केलेल्या कोर्सचे दोन्ही ग्रेड धरतात, जुना पुसला जात नाही.

पेशंटजवळ घालवलेले तास हा खेळाडू मुलींचा नेहमीचा कच्चा दुवा. सीझनमध्ये जमत नाही हे सगळ्यांनाच माहीत आहे, म्हणून मे ते जुलै धर. टीमच्या डॉक्टरांबरोबर शॅडोइंग (सोबत राहून काम बघणं) सगळ्यात सोपं मिळतं, पण फक्त ऑर्थोपेडिक्स बघून भागत नाही, मेडिकलवाल्यांना वाटतं हिला फक्त स्वतःचा गुडघा माहीत आहे. जवळच्या क्लिनिकमध्ये स्क्राइबचं (डॉक्टरांच्या नोंदी लिहायचं) काम, नर्सिंग होममध्ये व्हॉलंटिअरिंग, ईएमटीचा (तातडीच्या उपचारांचा) कोर्स, असं काहीतरी घे जिथे म्हातारी, गरीब, इंग्रजी न येणारी माणसं भेटतील. तास त्याच दिवशी एका शीटमध्ये लिहीत जा, तारीख, जागा, कोणाच्या हाताखाली, काय केलं. अर्जात १५ अ‍ॅक्टिव्हिटी लिहिता येतात आणि त्यातल्या ३ सगळ्यात महत्त्वाच्या म्हणून वेगळ्या सांगायच्या असतात, बास्केटबॉल त्यातली एक असणारच. आठवड्याला २० तास नुसता नियमात बसणारा सराव, प्रवास वेगळा, हे सांगायला लाजू नको, पण पॉइंट आणि रिबाउंड मोजत बसण्यापेक्षा बेंचवर बसलेल्या महिन्यात काय केलंस ते लिही.

परीक्षा आणि अर्ज कधी

एमकॅट जानेवारीत असते आणि मग वसंतापासून सप्टेंबरपर्यंत. साडेसात तासांचा दिवस जातो, स्कोअर ४७२ ते ५२८. सीझनच्या मधे जानेवारीत देऊ नको, माझं स्पष्ट मत आहे, सराव आणि प्रवास धरून दोनतीनशे तासांची तयारी त्या तीन महिन्यांत बसत नाही. पण मोठा प्रश्न वेगळाच आहे, स्कोअर किती वर्षं चालतो. बहुतेक मेडिकल स्कूल्स दोन ते तीन वर्षांपर्यंतचाच धरतात. म्हणजे चार वर्षं प्रो खेळायचा विचार असेल तर ज्युनिअर समरला जीव तोडून दिलेली परीक्षा फुकट जाऊ शकते.

म्हणून माझा हिशेब असा. फक्त एखादं वर्ष खेळून बघायचंय, मनाची हौस भागवायचीय, तर सीनिअर इयरच्या आधीच्या मे-जूनमध्ये एमकॅट दे, जूनमध्ये अर्ज भर, आणि प्रवेश मिळाल्यावर एक वर्षाची डिफरल (प्रवेश राखून पुढे ढकलणं) माग. सप्टेंबर ते मार्च इंटरव्ह्यू असतात, म्हणजे बरोब्बर सीझनमध्ये, पण हल्ली बऱ्याच स्कूल्सचे इंटरव्ह्यू ऑनलाइन होतात त्यामुळे अवे मॅचच्या हॉटेलातूनही देता येतात, फक्त रूममेटला बाहेर पाठव आणि वायफाय आदल्या रात्री बघून ठेव. आणि जर तीन-चार वर्षं खेळायचंय, खरंच खेळायचंय, तर आत्ता अर्ज करूच नको. मिळालेला प्रवेश नाकारून तीन वर्षांनी त्याच स्कूलच्या दारात परत उभं राहणं जड जातं. त्याऐवजी सगळे कोर्स पूर्ण कर, प्रोफेसरांना तू आठवत असतानाच शिफारसपत्रं लिहून घेऊन इंटरफोलिओसारख्या ऑनलाइन ठिकाणी ठेव, कॉलेजची कमिटी लेटर (कॉलेजने मिळून दिलेलं शिफारसपत्र) माजी विद्यार्थ्यांना देतात का आणि किती वर्षं देतात ते विचार, आणि एमकॅट खेळण्याच्या शेवटच्या ऑफ-सीझनसाठी राख. काही स्कूल्सना कोर्सही फार जुने चालत नाहीत, तेही तुझ्या यादीतल्या स्कूल्सच्या साइटवर बघ.

एप्रिल महिना

हा महिना नीट समजून घे, कारण सगळं एकाच वेळी येतं. २०२५ चं बघ, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फायनल फोर, १४ एप्रिलला ड्राफ्ट, शेवटच्या आठवड्यात कॅम्प सुरू, १६ मेला सीझन. आणि मेडिकलवाल्यांचा नियम असा की एकापेक्षा जास्त प्रवेश हातात असतील तर ३० एप्रिलपर्यंत त्यातला कुठला घेणार ते अर्जाच्या सिस्टिममध्ये दाखवायचं. म्हणजे कॅम्पमध्ये राहतेस की कापली जातेस हे कळायच्या आत तुला स्कूल निवडायची असते. घाबरू नको, डिफरलची तजवीज मार्चमध्येच कर. डिफरल प्रत्येक स्कूल आपापलं ठरवते, साधारण एक वर्षाची देतात, दोन वर्षांची क्वचित, आणि त्या वर्षात दुसरीकडे अर्ज करायला बहुतेक ठिकाणी बंदी असते. प्रवेशाचं पत्र आलं की लगेच अ‍ॅडमिशन ऑफिसला छोटीशी ईमेल कर: मला तुमच्याकडेच यायचंय, अमुक तारखेला ड्राफ्ट आहे, नाव आलं किंवा परदेशातला करार मिळाला तर एक वर्ष मागेन, अर्जाची शेवटची तारीख आणि लागणारे कागद कळवा. आधी कळवणाऱ्या मुलीला लोक हो म्हणायला तयार असतात. जुलैत फोन करून सांगणारीला नाही.

दोन्ही एकदम करायचं, म्हणजे मेडिकल स्कूलही आणि प्रो लीगही, असं कोणी सुचवलं तर लगेच हुरळून जाऊ नको. दोन डगरींवर हात ठेवून निभावलेली माणसं आहेत, नाही असं नाही. लोराँ डुव्हर्ने-टार्डिफने कॅन्सस सिटीच्या एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची प्रो लीग) टीमकडून खेळत असतानाच २०१८ ला कॅनडातल्या मॅगिल विद्यापीठातून डॉक्टरकी पूर्ण केली आणि २०२० च्या सुरुवातीला सुपर बोलही (त्या लीगची फायनल) जिंकला, पण मॅगिलने त्याला वर्षं पसरून दिली होती आणि फुटबॉलचा ऑफ-सीझन लांब असतो. डॉट रिचर्डसन सॉफ्टबॉलमधली, १९९६ ला अटलांटाचं सुवर्णपदक तिने ऑर्थोपेडिक्सच्या रेसिडेन्सीतून (डॉक्टर झाल्यावरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) रजा घेऊन जिंकलं आणि परत रेसिडेन्सीत गेली, २००० ला पुन्हा सुवर्ण. मायरन रोल आधी एनएफएल, मग २०१७ ला एमडी, मग न्यूरोसर्जरी. या तिघांत मला रोलचा रस्ता सगळ्यात जास्त मुलींना लागू पडणारा वाटतो, एक पूर्ण करून दुसरं.

परदेशातल्या लीगबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, खरं तर बहुतेक मुलींसाठी प्रो म्हणजे तेच. स्पेन, इटली, फ्रान्स, तुर्कस्तान, ऑस्ट्रेलिया, पोर्तुगाल, युरोपात साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. वरच्या क्लबांत चांगले पैसे, खालच्या लीगमध्ये महिन्याला हजार-दोन हजार डॉलर, फ्लॅट आणि कधीकधी जेवण. आमच्या ओळखीतली एक गार्ड पोर्तुगालला एक सीझन खेळली. सकाळी १० ला प्रॅक्टिस, संध्याकाळी ७ ला दुसरी, आठवड्याला एकच मॅच. मधल्या वेळेत ती किचनच्या टेबलावर गुडघ्याला बर्फ बांधून एमकॅटचे प्रश्न सोडवायची, रोज ५९ प्रश्नांचा एक सेक्शन, वेळ लावून, आणि मग चुकलेल्यांची वही. कॉलेजात असताना तिला इतका सलग वेळ कधीच मिळाला नव्हता. तिने परीक्षा एप्रिलमध्ये परत आल्यावर दिली. एमकॅटची सेंटर काही देशांत आहेत, पण सीट लवकर भरतात, म्हणून ते आधीच बघून ठेवायचं. करारात पगार थकला तर वाद कुठे न्यायचा ते लिहिलेलं हवं, फिबाच्या (बास्केटबॉलची आंतरराष्ट्रीय संघटना) बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्यूनलचं कलम असल्याशिवाय सही करू नको. दुखापत झाली तर ऑपरेशन कोण आणि कुठे करणार, हेही. एसीएलच्या (गुडघ्यातला लिगामेंट) दुखापती मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त होतात आणि परत उभं राहायला ९ ते १२ महिने जातात, तेव्हा २६ वर्षांपर्यंत आईवडिलांच्या इन्शुरन्सवर राहता येतं ते सोडू नको.

पैशांचं थोडक्यात. २०२५ ला डब्ल्यूएनबीएचा किमान पगार ६६,०७९ डॉलर होता, आणि रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षाला डॉक्टरला साधारण ६५ ते ७० हजार मिळतात, म्हणजे तेव्हा दोन्हीकडची पहिली कमाई जवळजवळ सारखीच होती. तो २०२० चा करार खेळाडूंनीच वेळेआधी संपवला, तेव्हा पगाराचा हिशेब करताना जुने लेख न वाचता सध्याच्या कराराचे आकडे घे. मेडिकलच्या बाजूला कर्ज आहे, कर्ज काढून शिकलेल्यांचा मधला आकडा दोन लाख डॉलरच्या आसपास जातो. आणि १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना ग्रॅड प्लस (सरकारी कर्जाची योजना) बंद, मेडिकलसाठी फेडरल कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच. म्हणून खेळून मिळालेले पैसे, कॉलेजातले एनआयएलचे (खेळाडूच्या नावावर जाहिरातींतून मिळणारे) पैसे, हे गाडीत घालू नको. अर्जाचा, इंटरव्ह्यूचा आणि पहिल्या वर्षाचा खर्च त्यातून निघाला तर खूप झालं. भारतातून एफ-वन व्हिसावर आलेल्या मुलींनी वेगळा विचार करावा, एनआयएलमध्ये व्हिसाची अडचण येते आणि परदेशी विद्यार्थ्यांना घेणाऱ्या मेडिकल स्कूल्स मोजक्याच आहेत, ती यादी फ्रेशमन इयरलाच काढा.

आईबाबांनो, तुम्हाला वाटणारी भीती खोटी नाही. पण मेडिकलच्या पहिल्या वर्षात येणाऱ्यांचं सरासरी वय २४ च्या आसपास आहे, बहुतेक जण एक-दोन वर्षं मधे घेऊनच येतात, त्यामुळे दोन वर्षं खेळलेली मुलगी मागे पडलेली नसते. 'कधी संपवणार' असं दर फोनवर विचारू नका. त्याऐवजी एकदाच एकत्र बसून कागदावर लिहा: किती सीझन, कुठल्या लीगच्या खाली नाही, कुठल्या दुखापतीनंतर थांबायचं, एमकॅट कुठल्या महिन्यात. त्यावर तिची सही, तुमची सही. मग तिला खेळू द्या, आणि मॅच लाइव्ह दिसत असेल तर पहाटे उठून बघा.

आणि कॅम्पमधून कापल्याचा फोन आलाच, तर त्या दिवशी काही ठरवू नको. एजंटला सांग की युरोपच्या ऑफर यायला साधारण जून-जुलै उजाडतात, तोवर मी थांबतेय. दुसऱ्या दिवशी डिफरल मंजूर करणाऱ्या स्कूलला ईमेल कर की या वर्षीच्या बॅचला यायची मुभा अजून आहे का आणि कुठल्या तारखेपर्यंत. दोन तारखा समोर आल्या की मग ती सह्या केलेली शीट काढ आणि घरी फोन लाव.